डोंगरावरची लाल वाइन आणि डावी किडनी

मी, अमरेश ईश्वरप्पा नागराळे, वय अठ्ठावीस, धंदा वाइन बनवणे (सोयऱ्याधायऱ्यांत सांगताना "फळप्रक्रिया"), राहणार चौबाऱ्याजवळ, उदगीर, जिल्हा लातूर, आज दिवसाढवळ्या, चहा पिऊन, कुणाच्या दाबाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. त्याबद्दल घरात दोन मतं आहेत, पण डॉक्टरचा दाखला माझ्या बाजूनं आहे.

मरायची घाई नाही. अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या, दोन्ही किडन्या गेल्यात. माझी डावी त्यांना जुळते. हैदराबादच्या दवाखान्यानं सोमवार दिलाय. माझा नांदेडचा दोस्त धम्मानंद वकील आहे. तो म्हणाला, "काही होत नसतंय रे. पण लिहून ठेव." वकील माणूस 'पण' म्हणाला की लिहावंच लागतं.

अडचण एकच. अप्पा ती किडनी घ्यायला तयार नाहीत. का, ते खाली येतंय.

कलम पहिलं. डावी किडनी या मृत्युपत्रात धरलेली नाही. ती मी जिवंतपणीच देतोय, परत मागायची नाही या बोलीवर. अप्पांनी घेतली नाही तर ती माझ्यापाशीच राहील आणि आम्ही दोघं भांडत बसू, जोवर त्यांना बसवेल तोवर. डॉक्टर म्हणतात, फार दिवस बसवणार नाही.

कलम दुसरं. माझ्या मालकीची सगळ्यात मोलाची चीज म्हणजे लाल वाइनची एक बाटली.

मागच्या साली मी अर्जेंटिनात, अँडीजच्या डोंगरात एक हंगाम काम केलं. तिथले द्राक्षमळे इतक्या उंचावर की जेवून पायऱ्या चढलं तरी धाप लागते. दुपारचं ऊन कातडं सोलतं आणि रात्री शेकोटी सोडून हलवत नाही. त्या उनानं द्राक्षाची साल जाड होते, रंग गडद येतो. थंडीनं आंबटपणा टिकतो. मला नाद लागला तो वेगवेगळ्या जातींच्या द्राक्षांच्या मिश्रणाचा. मालबेक अंगानं भरलेलं, गोडबोलं. काबर्ने ताठ, अप्पांसारखं. पेटी व्हर्दो उगं जरासं घालायचं. ते अव्वाच्या, म्हणजे माझ्या आईच्या, बोलण्यासारखं असतं, जास्त झालं की सगळ्यांवर बसतं. हंगाम संपताना तिथल्या मुकादमबाईनं मला माझ्या मनाचं मिश्रण करू दिलं आणि त्याच्या बाटल्या कामगारांत वाटल्या. लेबलवर अक्षर एक नाही. नुसतं बर्फाचं शिखर.

एक बाटली मी घरी आणली, कपाटात ठेवली आणि नाशिकला कामावर गेलो. अप्पांचं पूजासाहित्याचं दुकान आहे, विभूती, रुद्राक्ष, धूप. त्यांनी कपाट उघडलं, शिखर बघितलं आणि हात जोडले. कैलास! पोरगा डोंगरात गेलता, बापासाठी तीर्थ घेऊन आला आणि लाजून सांगेना, असं त्यांनी मनानंच ठरवलं. बाटली देव्हाऱ्यात गेली. तिच्यावर विभूतीचे तीन पट्टे आले. श्रावणभर तिला बेल वाहिला. दुकानातली खास गिऱ्हाइकं घरात बोलावून त्यांना दर्शन घडवलं. अव्वा सांगते, त्या महिन्यात अप्पा माझ्याबद्दल जितकं चांगलं बोलले तितकं माझ्या बारशालासुद्धा बोलले नव्हते.

दिवाळीला आमचे दाजी शिवप्रसाद आले. आरती चालू असताना त्यांनी बाटली उचलली, उलटी केली, बूच बघितलं आणि भर आरतीत म्हणाले, "मामा, ही तर रेड वाइन हाय! भारीतली!"

मठातल्या स्वामींनी देव्हारा शुद्ध करून दिला. मी तेवढा शुद्ध व्हायचा राहिलो. मी किती सांगितलं, अप्पा, मी पीत नाही, तोंडात घोळवून थुंकतो, तेच माझं काम. तर म्हणाले, "थुंकायचंच हाय तर बनवता कशाला?"

किडनीची गोष्ट निघाली तेव्हा ते भिंतीकडं तोंड करून बोलले, "माझ्या गळ्यात लिंग हाय. त्याच्या हातभर खाली दारूवाल्याची किडनी? बेडा!" रागात अप्पांची कन्नड सुटते. बेडा म्हणजे नको. तेव्हापासून रोज बेडा.

तर बाटली. ती अव्वानं ज्वारीच्या कोठीत दडवून ठेवलीय. धम्मानंदला द्यावी तर तो पंचशीलवाला, वासानंच उठून जाईल. दाजींना अजिबात देऊ नये, ते त्यात सोडा घालतील. सबब ती बाटली माझी बहीण वर्षाराणी हिला मिळावी. घरात हीच एक बाई, जिनं दार लोटून हळूच विचारलं होतं, "कशी लागती रे?" वर्षा, अर्धा तास आधी बूच उघड. गार करू नको. आधी सगळ्यांना वास दे. वासाला बहुतेक कुठल्याच धर्मात बंदी नसावी.

कलम तिसरं. बालाघाटावर मी लावलेले द्राक्षाचे वेल, छाटणीची कात्री आणि गोडी मोजायची नळी वर्षाराणीलाच. आपला बालाघाट अँडीजपुढं म्हणजे शेळीलासुद्धा धाप लागत नाही. तरी रात्री गारवा येतो. वेल उपटू नये.

कलम चौथं. दाजींना माझी मोटारसायकल. पेट्रोल ज्याचं त्यानं भरावं. भर आरतीत तोंड उघडल्याबद्दल गाडीचा आरसा देणार नव्हतो, पण वर्षा मागं बसते.

कलम पाचवं. आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. जन्मात मी एका जागी बसलो नाही, तिथं बसेन. मी उंच आहे, खड्डा मापानं काढा. चुलत्याच्या वेळी फेटा वर राहिला होता.

इथवर लिहून झालं. धम्मानंदनं तपासायला म्हणून घेतलं आणि मधल्या खोलीत सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. अप्पा आजच लातूरहून डायलिसिस करून आलेत, खाटेवर पडून होते. नंतर जे झालं ते मृत्युपत्राचाच भाग समजावं, कारण त्यानं एक कलम वाढलंय.

अव्वा भाजी निवडत होती. म्हणाली, "आवो ऐकून राहिलात का? हा पोटात होता तेव्हा आठव्या महिन्यात स्वामींनी गर्भाला दीक्षा म्हणून माझ्या पोटाशी लिंग बांधलं. तुम्हीच आणलंतं दुकानातून."

अप्पा भिंतीकडं बघत म्हणाले, "मग?"

"मग काय! ह्याच्या दोन्ही किडन्या तवा आतच होत्या की. का मागनं आणून बसवल्या? त्या डाव्या किडनीला दीक्षा आधीच झालीय. दारू तर ह्याच्या तोंडातूनच माघारी जाती."

दाजी हसायला लागले, वर्षानं त्यांचा दंड दाबला.

अप्पा उठून बसले. "वकीलसाहेब, त्यात मला काय ठेवलंय?"

"काही न्हाई, काका," धम्मानंद म्हणाला. "म्हणून तुम्ही साक्षीदार होऊ शकता. ज्याला मिळतंय त्यानं सही केली तर पुढं कटकट होती."

"म्हणजे हा जाणार आणि मी मागं राहून सांगणार, हाव, ही सही माझ्या पोराचीच? बापाला असलं काम सांगता?" अप्पांनी माझ्याकडं हात केला, "आण हिकडं पेन. पण आधी माझं कलम लिही, अमऱ्या."

"सांगा."

त्यांनी सांगितलं तसं शब्दाला शब्द लिहितोय.

कलम सहावं. हे सगळे कागद दवाखान्यातून घरी आल्यावर ईश्वरप्पा नागराळे यांनी आपल्या हातानं फाडावेत. दुसऱ्या कुणी हात लावू नये. फाडायला अंगात ताकद लागती, ती जिथून मिळेल तिथून त्यांनी घ्यावी.

"अप्पा, म्हणजे सोमवारी हैदराबादला यावं लागेल."

"मग काय तू एकटाच जाऊन बसतोस? गाडी सकाळची सांग. उनाचं मला बसवत न्हाई."

ठिकाण: उदगीर, मधली खोली.
तारीख: १५ फेब्रुवारी २०२५, शनिवार.

लिहून देणार: अमरेश ईश्वरप्पा नागराळे (सही)

साक्षीदार:
१. अॅड. धम्मानंद व्यंकटी हणमंते, नांदेड (सही)
२. ईश्वरप्पा मडिवाळप्पा नागराळे, उदगीर. वडील. (सही. वाकडी आली आहे; दुसऱ्यांदा करू का, म्हणून त्यांनी स्वतःच विचारलं.)