स्वयंपाकघरातल्या शॉटमधली टिकली

आई, तू गेलीस तेव्हा मी बारावीत होते, त्यामुळे पुढे मी काय काम धरलं हे तुला ठाऊक असायचं कारण नाही. मी सिनेमाच्या शूटिंगवर चुका धरते, कंटिन्युइटी म्हणतात त्याला. एका शॉटमध्ये हिरोच्या कपात अर्धा चहा असेल, तर पुढच्या शॉटमध्येही तो अर्धाच पाहिजे. "हे बी काम असतंय का?" असं तू म्हणाली असतीस. असतंय, आणि चूक राहिली की बोलणीही खावी लागतात. यंदा आपल्याच भागात एका हसऱ्या प्रेमकथेचं शूटिंग होतं. त्यात वाटूरहून जालन्याला निघालेली एसटी थेट शहागडच्या पुलावरून जाते. मी डायरेक्टरना म्हटलं, सर, या रस्त्याला गोदावरी लागतच नाही. ते म्हणाले, "नदी छान दिसते ना, मग राहू द्या." आता आपल्या परतूरकडची माणसं पोट धरून हसतील, पण ती चूक मी सांगून मोकळी झाले. जीव टांगणीला लागलाय तो दुसऱ्याच चुकीनं, आणि ती माझी आहे.

काल एडिटिंगच्या खोलीत सिनेमा सलग पाहिला. हिरोची आई विधवा दाखवलीय. भिंतीवर नवऱ्याचा हार घातलेला फोटो, आणि सबंध सिनेमाभर तिचं कपाळ मोकळं. फक्त एका शॉटमध्ये, ती भाकरी थापत असते तेव्हा, कपाळावर बारीक मरून टिकली आहे. नटीची स्वतःची, काढायची राहून गेलेली. दारावर थाप पडते, ती उठते, आणि दार उघडते तेव्हा टिकली नाही. दाराचा शॉट आम्ही दुसऱ्या दिवशी घेतला होता. भाकरीच्या शॉटला मी डोळ्यांत तेल घालून बसले होते. परातीतलं पीठ, बांगड्या, पदर, सगळं पाहिलं. टिकलीही पाहिली, आई. मला ती चूक वाटलीच नाही.

वाटणार कशी? बाबा गेल्यानंतरचं परतूरजवळच्या आष्टीचं आपलं घर आठवतं मला. मी सहावीत आहे. तू अंघोळ करून येतेस, टिकली लावतेस आणि भाकरीला बसतेस. कडी वाजली की नखानं टिकली काढून पिठाच्या डब्याला चिकटवतेस आणि जाता जाता माझ्याकडे बघतेस. मी मान हलवते, म्हणजे कपाळ साफ आहे. हे आपलं रोजचंच होतं. एकदा मोठ्या काकू मागच्या दारानं आल्या आणि बघतच राहिल्या. "नवरा जाऊन वरीस झालं न्हाई, अन् कुणासाठी नटून राह्यलीस गं?" तू तव्यावरची भाकरी उलटलीस. "कुणासाठी न्हाई, अक्का. टिकली नसली की आरशात कुणी परकीच बाई दिसती." काकूंनी ते गल्लीभर केलं. त्या दिवशी तू जेवली नाहीस, आणि मला वाटलं, आता तू टिकली सोडशील. सकाळी अंघोळ करून आलीस तर कपाळावर होतीच. मंग मीच उठून मागच्या दाराला कडी लावली.

आता लोक सिनेमा थांबवून थांबवून बघतात, चुकांवर लाल गोल काढून मोबाइलवर फिरवतात. विधवेची टिकली कुठं गेली म्हणून खिदळतील, आणि कंटिन्युइटी म्हणून पडद्यावर माझंच नाव. पुढचं काम मला कोण देईल? सांगितलं तर एडिटर कॉम्प्युटरवर ती टिकली अशी पुसून टाकेल की होती हेही कळणार नाही. पण पुसा म्हणायला जीभ उचलत नाही. काकूंना जे जमलं नाही ते मी करू?

दुपारी डायरेक्टरांचा फोन आला. "आज सिनेमा लॉक करतोय, नंतर काही बदलता येणार नाही. तुमच्याकडून काही राहिलंय का? तो पूल सोडून बोला."

"न्हाई सर," मी म्हटलं, "सगळं बराबर आहे."

हे तुला पोचायचं नाही, म्हणूनच लिहिते. काम जाईल ही भीती अजून गेलेली नाही. त्यांनी पुन्हा विचारलं तर मी टिकलीचं सांगून टाकीन, एवढी भित्री आहे मी. म्हणून फोन बंद करून ठेवलाय.