पानाचं तुटलेलं टोक

१४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा खोकला थांबला, डोळ्यांचं मात्र तसंच आहे. वहिनीची पाठ कशी आहे? तिला म्हणावं, जड पातेली उचलायला दादाला सांगत जा.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा रागाच्या भरात अर्धं सुटलं. तू आमच्या संग्रहालयाला दिलेल्या चांदीच्या चमच्यांखाली 'घडवणारे आजोबा, शंभर वर्षांपूर्वी' एवढं लिहून मोकळी हो, म्हणतोस. घरचं माणूस तिथे असून उपयोग काय, असंही विचारतोस. वा रे वा. जुनी चांदी कोणी घडवली आणि कधी, हे सांगायचाच मला पगार मिळतो. घरच्या चमच्यांना वेगळं भिंग लावू का?

तपासलेत मी ते. दांडीच्या मागे आपल्या दुकानाचा शिक्का आहे, तेच पान. आजोबांनी घडवलेली वाटी माझ्याकडे आहे, तिच्यावरचं पान अखंड आहे. तुझ्या चमच्यांवर मात्र पानाचं टोक नाही. एकाही चमच्यावर नाही. म्हणजे हे शिक्का फुटल्यानंतरचे चमचे. आणि शिक्का कधी फुटला, ते मी तुला सांगायचं?

आजोबांना जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. शिक्का मऊ चांदीवर मारायचा, उघड्या ऐरणीवर नाही, हे आपल्या घरात रांगत्या पोरालाही ठाऊक. आणि तू, दुकानाचा वारस, लोखंडावर पान उमटतं का बघायला गेलास. मी दारात उभी होते. टोक उडालं आणि तू शिक्का तिथेच टाकून मागे सरलास. बाबा आत आले तेव्हा आईने शिक्का उचलला नि म्हणाली, "माझ्या हातून पडला." पुढे कितीतरी दिवस बाबा चारचौघांत तिला फुटक्या हाताची म्हणायचे. तू मूग गिळून बसलास.

आणि त्याच फुटक्या हाताने दुकान चालवलं, दादा. बाबा पुढे गिऱ्हाइकांशी गोड बोलायचे, मागे चांदी आई ठोकायची. सगळ्या घराला माहीत होतं, बोलत कोणी नव्हतं. आई डावखुरी. या चमच्यांच्या आतले हातोडीचे घाव उलट्या बाजूला कललेत. आजोबांच्या वाटीतले तसे नाहीत. बाबांना तर साधी तारही सरळ करता येत नव्हती.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं लिहिलंस. अरे, मूठ आईची आहे, झाकणारा तू कोण? दुकानाच्या पाटीवर बापजाद्यांची एवढी नावं मिरवतोस, त्यात एक बाई बसली तर छप्पर कोसळेल का? चमचे परत मागेन म्हणतोस, तर खुशाल माग. दिलेली वस्तू इथे परत मिळत नाही, तुझीच सही आहे त्यावर.

आईच्या हातात एक चमचा दिला होता. कसला आहे ते सांगितलं नाही. तिने डोळे मिटून अंगठा फिरवला नि म्हणाली, "दांडी जरा जाडच राहिली." मग माझं तोंड बघून म्हणाली, "जाऊ दे गं, लिही आजोबांचं. दादाला वाईट वाटेल." मी नाही म्हटलं. आजवर तिचा शब्द मोडला नव्हता, काल मोडला, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. जेवताना तिनेच हळूच विचारलं, "अक्षरं मोठी असतील ना? मला दिसायला हवीत."

तर ऐक. पाटी तयार आहे. 'घडवणारी', आणि पुढे आईचं पूर्ण नाव, मोठ्या अक्षरांत. चमच्यांचं वय पन्नाशीच्या आतलं. असं केलंस तर मला बहीण नाही, असं तू लिहिलंयस. बरं, नसू दे.

पण सोमवारी पाटी लागेल तेव्हा आईला घेऊन जायचंय, आणि तिथे पायऱ्या फार आहेत. तुझी चूक तिने स्वतःच्या नावावर घेतली होती. आता तिचं काम तिच्या नावावर लागतंय, तर निदान तिचा हात धरायला ये. डावा धर.

तेव्हा दारात उभी होती तीच,
तुझी धाकटी