साचे चाकणला गेले तेव्हा

बाबा,

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी तुमच्या शेवटच्या वर्षांचा राग माझ्या डोक्यातून जात नाही. आज दुपारी तो पुन्हा उसळला. डँडेनाँगला पंख्यांचा एक कारखाना बंद होतोय, काम व्हिएतनामला चाललंय, आणि कामगारांना सरकारी मदत समजावून सांगायला ऑफिसने मला पाठवलं होतं. हो, मी आता हेच काम करते. कँटीनमधल्या टेबलावर फॉर्म, पेनं आणि बिस्किटांची बशी मांडून बसले होते. साठीच्या एका फिटरने फॉर्म उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "मेट, यात नोकरी कुठल्या पानावर आहे?" मी म्हटलं, "नो वरीज, नोकरी शोधायला मदत करणारा एक कोच तुम्हाला मिळेल." त्याने फॉर्म घडी करून खिशात टाकला आणि निघून गेला. मी गाडीत येऊन बसले आणि स्टिअरिंगवर हात आपटला.

तुम्ही एकोणीस वर्षं टूलरूममध्ये काढलीत. गाड्यांचे डॅशबोर्ड ज्या पोलादी साच्यांत ओतले जायचे, ते साचे तुम्ही घासून, तपासून तयार करायचात. केसाएवढा उंचवटा तुमच्या अंगठ्याला कळायचा. आणि एक दिवस कंपनीने जाहीर केलं की सगळं चाकणला हलवणार. ज्या पुण्याहून तुम्ही याच कामासाठी आम्हाला घेऊन इथे आलात, त्याच पुण्याजवळ. वर मॅनेजर तुम्हाला म्हणाला, तू त्यांची भाषा बोलतोस, तूच शिकव त्यांना. चाकणहून तीन इंजिनिअर दीड महिन्यासाठी आले, आणि तुम्ही दर रविवारी त्यांना घरी जेवायला आणलंत. आई तव्यावर भाकरी टाकताना मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणाली, "आपलं काम घेऊन चाललेत, आणि त्यांनाच गरम गरम वाढायचं." तुम्ही आत येऊन हळू आवाजात म्हणालात, "ती पोरं काय करणार? त्यांना पाठवलंय. आणि साचा कुणाच्याही हातात गेला तरी बिघडता कामा नये." तुमच्या त्या चांगुलपणाची मला तेव्हाही चीड आली होती, आजही येते.

मग सरकारी मदत आली. मी तेव्हा क्लेटनला युनिव्हर्सिटीत शेवटच्या वर्षाला होते, म्हणून फॉर्म भरायचं काम माझ्याकडे. फोनवरच्या बाईने सांगितलं होतं की इंग्रजी कच्चं असेल तर मदत जास्त आणि जास्त महिने मिळते. मी इंग्रजी कच्चं असल्याच्या चौकटीत खूण केली. तुम्ही सही करण्याआधी नेहमीप्रमाणे सगळं वाचलंत.

"हे खोटं आहे."

"बाबा, सगळे असंच करतात. तुमचाच फायदा आहे."

"अगं, तिथल्या मशीनची मॅन्युअल्स मी इंग्रजीत लिहिली आहेत."

तरीही तुम्ही सही केलीत, कारण युनीत शिकणारी मी होते.

तुम्हाला नव्या संगणकावर चालणाऱ्या मशीनचा कोर्स हवा होता. मदतीच्या ऑफिसातले लोक फॉर्म पाहून म्हणाले, आधी इंग्रजी. पाच महिने तुम्ही शॉपिंग सेंटरच्या वरच्या खोलीत बसून स्वतःचं नाव आणि पत्ता सांगायला शिकलात. माझ्याच वयाची शिक्षिका प्रत्येक वाक्याला टाळ्या वाजवायची. पुढे रेझ्युमेचा वर्ग लागला. तिथे तुम्हाला सांगितलं की एकाच ठिकाणी एकोणीस वर्षं म्हणजे माणूस बदलायला तयार नाही असं दिसतं. मशीनचा कोर्स तोवर भरून गेला होता. तुम्हाला फोर्कलिफ्टचं लायसन्स देऊन एका गोदामात पाठवलं. तेरा आठवडे तुम्ही तिथे टिकलात की नोकरी लावून देणाऱ्या एजन्सीच्या कागदावर तुमची नोकरी लागली असं धरलं जायचं, आणि तिला सरकारकडून पैसे मिळायचे. चौदाव्या आठवड्यात शिफ्ट बंद झाल्या, आणि तुमच्या कोचने फोन उचलणं सोडलं. हे मदतीचं खातं होतं, बाबा. माणूस हातातून सुटला की फाइल बंद करून टाकणारं. मी तक्रार लिहून आणली तेव्हा तुम्ही ती वाचून परत दिलीत आणि म्हणालात, "नको. त्या फॉर्मवर सही माझी आहे." त्यानंतर दोन वर्षांत तुमचं हृदय थांबलं. त्या दोन वर्षांत तुम्ही घरातलं प्रत्येक बिजागर आणि नळ दुरुस्त केलात, शेजाऱ्यांचेही केलेत, आणि एकदाही कुणाला दोष दिला नाहीत. निदान मला तरी द्यायचा होतात.

उद्या मी त्या फिटरला फोन करणार आहे. त्याला खरंच काय येतं ते विचारून, तेच फॉर्मवर लिहिणार आहे. त्याने काही बदलेल असं मला वाटत नाही.

हे मी आईला दाखवणार नाही. लॅपटॉपमध्येच राहू दे. तिला आणि सगळ्यांना मी इतकी वर्षं सांगत आले की ती खूण मी तुमच्या भल्यासाठी केली. पण हे खोटं आहे असं तुम्ही म्हणालात, तेव्हा ते मलाही पटलं होतं. खूण बदलायची तर नवा फॉर्म आणायला पुन्हा त्या ऑफिसला जावं लागलं असतं, आणि मैत्रिणी बीचवर जायला खाली गाडीत थांबल्या होत्या.