माझ्या छातीच्या गोळ्या

दीक्षा,

तुझ्या सासऱ्यांच्या पायाची जखम चिघळलीय, अंग तव्यासारखं तापलंय. ॲम्ब्युलन्स आलीय, मी सोबत जातेय. फोन केला नाही. तुझं रडणं ऐकायला वेळ नाही.

आपल्या जीपी डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळेना, म्हणून नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये मला मिळालेल्या छातीच्या गोळ्या ह्यांना दिल्या. अँटिबायोटिकपासून बनवल्यात, असं तूच म्हणालीस. त्यातला जंतू मारायचा गुण काढलाय, नुसती सूज उतरते, हेही सांगत होतीस, तर मीच म्हटलं, "मला शिकवू नकोस." सूज उतरली तशी मी खूश. आत पू वाढत होता.

डॉक्टरला मी सगळं सांगेन. तू ब्रॅकनेलहून थेट हॉस्पिटलात ये. पण गोळ्यांचं ह्यांना सांगू नकोस. माझ्या हातची गोळी म्हणून डोळे मिटून घेत होते.

आई