एमेकाचं चित्र वरच्या मजल्यावर

कोलंबस, मंगळवार, ऑक्टोबर १९८६

म्युझियमने शेवटी मान्य केलं. एमेकाचं चित्र वरच्या मजल्यावर, आजच्या चित्रकारांच्या दालनात लागणार. तळमजल्यावर जुन्या आफ्रिकी मुखवट्यांच्या शेजारी नाही.

त्यांचे साहेब माझ्या गॅलरीत आले तेव्हा चित्र बघून म्हणाले, "किती जुनं?" म्हटलं, जरा जपून, कोपऱ्यातला रंग ओला आहे. तरी देत होते तळमजलाच. मी विकायलाच नकार दिला. श्रीधर वैतागला. "अगं, म्युझियम घेतंय. नवऱ्याचं नाही, निदान त्यांचं तरी ऐक." तळमजला काय वाईट, असं मलाही मध्ये वाटून गेलं. पण नायजेरियाहून आलेला हा मुलगा इथल्या फ्लॅटमध्ये बसून आज रंगवतोय. त्याला जिवंतपणी इतिहासजमा कसं होऊ द्यायचं?

मी संस्कृतची एम.ए., विनयावरची सुभाषितं तोंडपाठ. आज एकही आठवलं नाही.

एमेकाला फोन केला. बातमी सांगितली. तो म्हणाला, "आंटी, वर माझ्या शेजारी कोण?"

न्यूयॉर्कचा एक बडा चित्रकार, मी सांगितलं.

"बिचारा," म्हणाला.