दहा पावलं पुढं

सोमवार, सांजच्यापारी. हैदराबाद, लॉजवर.

लग्नाले तीन महिने झाले. गावी, शेलूबाजारात, आमचे हे दहा पावलं पुढं चालतेत अन् मी मांगं. सोबत चाललं तर लोक हासतेत म्हणे. "हैदराबादले जाऊ ना, तवा चालू सोबत," असं यायनंच कबूल केलं होतं. म्हणून तं मी येवढी खुश होती.

काल गोवळकोंड्याच्या पायऱ्या चढताना हे पुढंच. आज चारमिनारलेही पुढंच. दोन दिवसांत मी काय पाह्यलं? यायची पाठ. निळ्या चौकड्याचा शर्ट.

दुपारी बाजारात बांगड्या पाहाले थांबली. मान वर केली तं पाठ गायब! मोबाइल लॉजवर चार्जिंगले. मंग त्याच दुकानाच्या पायरीवर बसून राह्यली. लय वेळानं हे आले, घामाघूम. मले वाटलं, घाबरले असतीन माह्यासाठी. कायचं काय! म्हणे, "बाटली दे. तहान लागली तवा समजलं, तू मांगं नाईस."

तहान लागली तवा.

मी म्हटलं, "इथं कोण ओळखते आपल्याले? चाला ना सोबत."

"सवयच नाई ना," म्हणे.

शेलूबाजारात निदान लोकायचा बहाणा होता. इथं तोही नाई. आता घरी जाऊन काय बदलन?

हे टीव्ही पाहून राह्यले. तिथूनच म्हणाले, "उद्याले बाटली भरून ठेवजो."

भरली. माह्याच पिशवीत ठेवली. तेवढ्यासाठी तरी मांगं वळतीन.