बंड्याचा ट्रेड झाला, भाऊजी

प्रिय सुधीरभाऊजी,

काल संध्याकाळी सहाला बेसबॉलच्या खेळाडूंच्या अदलाबदलीची, ट्रेडची, मुदत संपली. ती संपायला वीस मिनिटं उरली असताना आपल्या टीमने बंड्याला देऊन टाकलं. हो, आपल्या बंड्याला! त्याच्या बदल्यात चेंडू टाकायला दोन पिचर आले. दोघांचीही नावं मी कधी ऐकलेली नाहीत.

ही बातमी ऐकली आणि माझा हात आपोआप फोनकडे गेला. चाळीस वर्षांची सवय. जुलैअखेरीला पहिला फोन तुम्हाला. तुमचा नंबर अजून त्यात आहे, काढवत नाही. तो समोर आला आणि मग मला आठवलं.

म्हणून आज सकाळी लिहायला बसले. तुम्ही गेलात त्याला दहा महिने झाले, पण एक ओळ लिहिली नव्हती. मराठी मंडळाच्या शोकसभेत 'वहिनी, तुम्ही बोला' म्हणून सगळे मागे लागले, तेव्हाही नुसती बसून राहिले. काय बोलणार होते? शेवटचं जे बोलायचं होतं तेच धड बोलले नव्हते.

तुम्हाला आठवतं, हे वेड आपल्याला लागलं कसं? केतकी दोन महिन्यांची होती. तुम्ही नुकतेच आमच्या बेसमेंटमध्ये राहायला आला होतात. सर्व्हेचा डिप्लोमा हातात आणि नोकरीचा पत्ता नाही. तुमचे दादा सकाळी ऑफिसला गेले की व्हिटबीच्या त्या घरात आपण दोघं आणि एक रडणारं बाळ. टीव्हीवर दुपारी बेसबॉल लागायचं.

"वहिनी, हा मारल्यावर पळत का नाही?"

"मला काय विचारता? मी मिरजेची!"

असं करत करत दोन अडाण्यांनी एकमेकांना शिकवलं. उन्हाळा संपेपर्यंत मी केतकीच्या दुधाच्या वेळा लिहायच्या कागदाच्या मागे स्कोअर मांडायला लागले होते.

मग तळ्याकाठच्या त्या जुन्या उघड्या स्टेडियममध्ये गेलो. मी फॉइलमध्ये पुऱ्या बांधून नेल्या होत्या. तुम्ही पुडा उघडला मात्र, सीगल पक्षी असे तुटून पडले की पुढच्या रांगेतली बाई किंचाळत उठली! तेव्हापासून आपण खेळाडूंना मराठी नावं द्यायला लागलो. पुढच्या-मागच्यांना कळू नये म्हणून. आत्ताच्या टीममधला उंच फिल्डर तो शिडी. सारखं काहीतरी चघळणारा कोच तो रवंथ. आणि तिरकं हेल्मेट घालून अंपायरशी वाद घालणारा तो बावीस वर्षांचा कॅचर, तो बंड्या.

दादांना ह्यातलं काही कधी आवडलं नाही. "नऊ माणसं उन्हात उभी राहून कंटाळतात आणि तुम्ही तिकीट काढून बघता," असं म्हणून ते पेपर उघडायचे. मी त्यांना कधी आग्रहही केला नाही. खरं सांगू? ते दोन तास फक्त तुमचे नि माझे होते, ते मला कुणाला द्यायचे नव्हते.

जुलै आला की आपल्या डेकवर शनिवारी दरबार भरायचा. तुम्ही, मी आणि कुंपणापलीकडे कॉफीचा मग घेऊन शेजारचा केन. रिटायर्ड पोस्टमन, दोन्ही बाजूंनी बोलणारा. टीम जिंकण्याच्या जवळ असली की हातातली तरणी पोरं देऊन दुसऱ्यांचे मुरलेले खेळाडू आणायचे का, एवढाच प्रश्न. पण त्यावर आपण गळ्याच्या शिरा ताणायचो! तुमचं ठरलेलं, द्या, पोरं द्या, आत्ता जिंकायचंय. माझं ठरलेलं, पोरं राखा, दम धरा. केन म्हणायचा, "यू टू शुड बी ऑन द रेडिओ." तो असला की आपण इंग्रजीत भांडायचो आणि राग आला की मराठीत.

गेल्या वर्षी दुसऱ्या टीमचा एक डावखुरा पिचर मिळण्यासारखा होता. अडतीस वर्षांचा. त्याला आपण म्हातारा म्हणत होतो. त्यांना बदल्यात बंड्या हवा होता.

त्या शनिवारी तुम्ही भर जुलैत जॅकेट घालून आलात. "कारमध्ये ए.सी. फार होता," म्हणालात. मी साबुदाणा वडे केले होते. तुम्ही एका वड्याचे चार तुकडे केलेत आणि ते ताटलीत इकडून तिकडे सरकवत राहिलात. मनगटावरचं घड्याळ पार कोपरापर्यंत घसरत होतं. हे सगळं मी पाहिलं, भाऊजी! एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासलं मी. आणि घरच्या माणसाकडे बघून काय म्हणाले? "बारीक झालात, चांगलं आहे, चालणं सुरू ठेवा."

"म्हाताऱ्याला आणायलाच पाहिजे," तुम्ही सुरुवात केलीत. "ह्याच वर्षी."

"दोन महिन्यांसाठी? सीझन संपला की तो रिटायर होणार. बंड्या अजून दहा वर्षं खेळेल."

"दहा वर्षांचं मला सांगू नका."

"बरं, तीन. तीन वर्षं थांबा, हीच पोरं जिंकून देतील."

"तीन वर्षं कुणी बघितलीत, वहिनी? आपली टीम दोनदा जिंकली तेव्हा माझे सगळे केस काळे होते. तेव्हापासून थांबतोच आहे."

"आय ॲम विथ सुधीर धिस टाइम," केन म्हणाला.

दोघं एका बाजूला झाले म्हणून मी चिडले. एवढंच कारण होतं! आणि मराठीत म्हणाले, "तुम्हाला थांबता कधी आलंय, भाऊजी? मीनाच्या वेळीसुद्धा मी हेच सांगत होते. थोडं थांबा. थांबलात?"

पंचवीस वर्षांत ते नाव आपल्या घरात कुणी घेतलं नव्हतं. लग्नानंतर दुसऱ्या थंडीत मीना पुण्याला निघून गेली आणि चार महिन्यांत तुम्ही घटस्फोटाच्या कागदांवर सही करून मोकळे झालात. मला तेव्हा वाटलं होतं, ती परत येईल. तुम्ही कधी काही बोलला नाहीत. आम्हीही विचारलं नाही. आणि ते मी एका पिचरसाठी बाहेर काढलं.

केनला शब्द कळले नाहीत, पण तुमचा चेहरा कळला. तो कॉफीचा मग उचलून आत गेला. तुम्ही ताटली खाली ठेवलीत, "येतो वहिनी," म्हणालात आणि गेलात.

चार दिवसांनी मुदत संपली. म्हाताऱ्याचा ट्रेड झालाच नाही, बंड्या राहिला. मी जिंकले होते! मग फोन मी का करायचा, असं म्हणत बसले. नऊ दिवस. तुमच्या कॉन्डोपर्यंत गाडीने बारा मिनिटं लागतात, आणि मी नऊ दिवस अढी धरून बसले.

दहाव्या दिवशी हॉस्पिटलमधून फोन आला. दादांनी घेतला. काय झालं, कसं झालं, त्यांनी काही विचारलं नाही. "येतो" म्हणाले आणि गाडीची किल्ली उचलली. त्यांनी काहीच विचारलं नाही हे माझ्या लक्षात फार नंतर आलं.

तुमचे पिवळे डोळे बघितले तेव्हा मला कुणी सांगावं लागलं नाही. "कधीपासून?" मी विचारलं. "मे," तुम्ही म्हणालात. स्वादुपिंडाचा कॅन्सर, आणि तोही सगळीकडे पसरलेला.

त्यानंतरचे सहा आठवडे तुम्ही तिथेच होतात. तुमच्या पलंगाला टॅबलेट टेकवून आपण मॅच बघायचो. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "तुमचंच बरोबर होतं, भाऊजी. म्हाताऱ्याला आणायला हवं होतं."

तुम्ही मान वळवून माझ्याकडे बघितलंत. मग म्हणालात, "वहिनी, आता तुम्हीसुद्धा?"

मला वाटलं, तुम्हाला ग्लानी आलीय.

पुढे तुम्ही काय काय बोलायचात! "बंड्याला कॅचरवरून काढून पहिल्या बेसवर उभा करायला पाहिजे." मी म्हणायचे, हो. "शिडीला पिचर करा." हो, भाऊजी. "रवंथ फार हुशार कोच आहे." हो, आहे खरा! रवंथला आपण दोघांनी सहा वर्षं शिव्या घातल्या होत्या. तुम्ही मला डिवचत होतात. एकदा तरी भांडेल म्हणून वाट बघत होतात. आणि मी तुमची उशी सारखी करत होते, मान डोलावत होते, पाणी पाजत होते.

एकदा धीर करून म्हटलं, "मीनाबद्दल मी त्या दिवशी जे बोलले..."

"स्कोअर काय झाला?" तुम्ही विचारलंत.

मी स्कोअर सांगितला. ते तिथेच राहिलं.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही गेलात. टीम त्याआधीच बाद झाली होती. म्हातारा आला असता तरी काय झालं असतं कोण जाणे.

तेराव्याला पाहुणे गेल्यावर दादा म्हणाले, "शैला, मला मेपासून माहीत होतं." दर तपासणीला तेच तुम्हाला घेऊन जायचे. मला सांगायचे, लायब्ररीत चाललोय. तुम्ही त्यांना शपथ घातली होतीत.

"का? मलाच का नाही?" मी अक्षरशः ओरडले.

"तो म्हणाला, वहिनींना कळलं तर त्या माझ्याशी भांडायच्या बंद होतील. हा एक उन्हाळा नेहमीसारखा जाऊ दे."

भाऊजी, हे काय केलंत हो? तुम्ही तुमचा उन्हाळा घेतलात, माझं काय? माहीत असतं तर मीनाचं नाव माझ्या तोंडून आलं असतं का? ते नऊ दिवस मी घालवले असते का? चिडून चिडून कितीदा तुम्हाला हे मनातल्या मनात विचारलं. आणि दरवेळी ते हॉस्पिटलमधलं 'हो भाऊजी, हो भाऊजी' आठवतं आणि माझी मीच गप्प होते. तुम्ही मला ओळखून होतात. अगदी तसंच वागले मी.

पण कुणावर तरी राग काढायला हवा होता ना? तुम्ही नव्हतात. मग मी तो दादांवर काढला. आरडाओरडा नाही, भांडण नाही. चहा दिला, गोळ्या दिल्या, भाजी कुठली करू ते विचारलं. बाकी काही बोललेच नाही. त्यांनी अख्खी थंडी एकट्याने शोव्हलने दारातला बर्फ उपसला, मी खिडकीतून बघितलं आणि पडदा ओढला. केतकी हॅलिफॅक्सहून दर रविवारी विचारते, "आई, आर यू गाइज ओके?" मी म्हणते, वी आर फाइन.

काल पावणेसहाला दादा हातात फोन घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. "बंड्या गेला," म्हणाले.

मी गॅस बंद केला. हे नाव त्यांना ठाऊक होतं! चाळीस वर्षं पेपरच्या आडून सगळं ऐकत होते की काय?

"त्याला आधी विचारलं असेल का गं कुणी?" त्यांनी विचारलं.

"नाही. विचारत नाहीत. फोन येतो, की सामान भरायचं."

ते खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "मलाही सुधीरने विचारलं नव्हतं, शैला. नुसतं सांगितलं, तुला हे मनात ठेवायचंय म्हणून. त्याला कॉन्डोवर सोडलं की मी लायब्ररीच्या पार्किंग लॉटमध्ये गाडी लावून बसायचो. डोळे कोरडे झाले की घरी यायचो."

आणि मी काय करायचे ठाऊक आहे? येताना कोथिंबीर आणायला विसरलात म्हणून बोलायचे! एवढा वेळ लायब्ररीत काय करता म्हणून बोलायचे!

तुम्ही माझे दीर, माझे मित्र, माझे भांडायचे हक्काचे माणूस. हे सगळं मोजताना मी एक विसरले, की ते तुमचे भाऊ होते. तुम्हाला मिरजेत खांद्यावर बसवून शाळेत नेणारे ते, स्पॉन्सर करून इथे आणणारे ते. त्यांचा धाकटा भाऊ गेला आणि मी दहा महिने सगळं दुःख एकटीचं म्हणून कवटाळून बसले. त्यांच्या वाट्याला एवढंसंही ठेवलं नाही.

काल आम्ही दोघं पहिल्यांदा एकत्र रडलो. त्याने तुम्ही परत आला नाहीत, बंड्या परत आला नाही, आणि मला फार हलकंही वाटलं नाही. घर तसंच रिकामं आहे. पण रडताना त्यांचा हात माझ्या हातात होता.

मीनाबद्दल जे बोलले त्याची माफी मागते. आता स्कोअर विचारू नका, एकदा ऐकून घ्या. माझं चुकलं, भाऊजी.

आणि तुम्हाला एक वचन देते. ह्यापुढे तुमची आठवण आली की तुमच्या दादांना रडायला गाडीत जाऊन बसावं लागणार नाही. मी समोर बसेन.

तुमची,
शैलावहिनी